डांगाणात मुक्कामाला जायचं, तर आधी भाताचं वेळापत्रक बघा

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर काजवे बघायला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. रात्री पोचायचं, हेडलाइटच्या झोतात काजवे शोधायचे, न मिळालेल्या फोटोवरून चिडायचं आणि पहाटे परत. ज्यांच्या बांधावरच्या सादडा-हिरड्यावर काजवे चमकतात, त्यांच्याशी एक शब्दही बोलणं होत नाही. हा लेख त्या रांगेसाठी नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई ते हरिश्चंद्रगडाच्या डोंगरपट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकरांच्या एखाद्या गावात दोन-तीन दिवस राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आहे. या भागाला स्थानिक लोक डांगाण म्हणतात.

१. तारीख शेतावरून ठरवा

आपण सुट्टी बघतो आणि मग गाव शोधतो. इथे उलट करावं लागतं, कारण घरातली सगळी माणसं एकाच कामावर असतात आणि ते काम पावसाच्या हुकमाने चालतं.

उन्हाळ्यात राब भाजतात. रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या रचून पेटवतात. तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. पहिल्या पावसावर त्याच राबात भात पेरतात आणि जुलैत चिखलणी करून आवणी, म्हणजे आपण जिला लावणी म्हणतो ती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणी, म्हणजे कापणी, मग खळ्यावर झोडणी. नागली (नाचणी), वरई, खुरासणी (कारळा) ही डोंगरउताराची पिकं. खाचरांत भात, वर ही.

आवणीचे डोंगर फार देखणे असतात, म्हणून मीही एकदा जुलैत गेलो होतो. घरात एक आजी आणि मी. बाकी सगळे इरलं-घोंगडी घेऊन उजाडताच शेतात. संध्याकाळी कंबर धरत परतलेल्या मावशीला माझ्यासाठी वेगळी भाजी करावी लागली, तेव्हा आपण पाहुणे नसून ओझं आहोत हे कळलं. चिखलात उतरून दिवसभर वाकायची तयारी असेल तरच आवणीत जा.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबर. झोडणी चालू असते, खळ्यावर माणसं भेटतात, गप्पांना सवड असते, हवा चांगली असते. त्याच्या थोडं आधी जमलं तर वाघबारस सापडेल. सपाटीवर वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी इथले गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. गुरं रानात चारायची म्हणजे वाघाशी सलोखा हवाच.

काजवेच बघायचे असतील तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, जोराचा पाऊस लागेपर्यंत. शनिवार-रविवार टाळा. नर-मादी एकमेकांना उजेडानेच हुडकतात, त्यामुळे टॉर्च आणि फ्लॅश लावला की त्यांचा संसारच मोडतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याने ठरवलेल्या वेळेतच थांबा.

२. फोनवर काय विचारायचं

पुरुषवाडीसारख्या गावात घरात पाहुणे ठेवायची पद्धत रुळलेली आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथून सुरुवात सोपी. पण कुठल्याही गावात बुकिंग घेणाऱ्याला तीन गोष्टी विचाराच: पाहुणे घरांमध्ये पाळीने वाटता का? जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात जातात का? वाटाड्या गावातला आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर समजा, की मधे कुणीतरी शहरातला बसलाय आणि गाव फक्त देखाव्याला आहे.

शक्य असेल तर ग्रामसभेत या पाहुणचारावर बोलणं झालंय का तेही विचारा. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गावच्या साधनसंपत्तीबद्दल बोलायचा हक्क दिला आहे.

३. पोचणं

मुंबईहून रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी, मग घोटी. घोटीहून बारी, शेंडी, राजूर असा रस्ता आहे. पुण्याहून नारायणगाव-संगमनेर-अकोले-राजूर. आतल्या गावाची एसटी दिवसातून एखाद-दुसरीच असते, वेळ घरमालकाला विचारून घ्या, इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. रोख पैसे सुट्टे करून न्या. खोऱ्यात उतरलं की फोन मुका होतो आणि मोबाइलवरून पैसे देणं तिथेच थांबतं.

४. घरात

चपला ओट्याखाली. चुलीजवळ किंवा देवाजवळ विचारल्याशिवाय जाऊ नका. "मावशी, आत येऊ का?" एवढं पुरे. रामराम म्हणा. वयाने मोठा माणूस असेल तर बाबा, मामा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. घाटघर-रतनवाडीकडे एखाद्या वर्षी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण शेजारीच आहे, आणि तरीही मे महिन्यात इथल्या बाया हंडा घेऊन झरे शोधतात. डोंगर पाणी धरत नाही आणि धरणातलं पाणी खाली प्रवरेच्या कालव्यांनी उसाला जातं. तुमच्या आंघोळीची बादली कुणीतरी डोक्यावरून आणलेली असते. उन्हाळ्यात गेलात तर आंघोळीवाचून एक दिवस काही बिघडत नाही.

जेवणात नागलीची भाकरी, वरईचा किंवा हातसडीचा भात, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात कुर्डू-भारंगीसारख्या रानभाज्या. तुमच्यासाठी पनीर आणवू देऊ नका. तिखट झेपत नसेल तर आदल्या दिवशी सांगा, ताटावर बसून नको.

५. नाच मागवू नका

"रात्री जरा कांबडनाच होऊ दे" अशी इथल्या पारंपरिक नाचाची फर्माईश करणारे असतात. दिवसभर झोडणी केलेल्या माणसाला नाचायला लावायचं आणि वर पाचशेची नोट पुढे करायची, हे ऐकूनच कसंतरी होतं. कांबड किंवा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव, ज्याच्या त्याच्या दिवशी होतो. तुमचा मुक्काम त्या दिवशी आला तर मागे बसून बघा, मुखवटा घालून नाचणाऱ्याच्या आड कॅमेरा आणू नका.

त्यापेक्षा खळ्यावर जा. पेंढी धरून आपटायला शिका. दहा मिनिटांत खांदे बोलायला लागतात आणि लोकही. मग देवगावच्या राघोजी भांगऱ्यांचा विषय निघेल. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी नायकाला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. म्हातारी माणसं ते सांगतात तेव्हा मधे पुस्तकी दुरुस्त्या करू नका.

६. काय घ्यायचं

नागली, वरई, खुरासणी, गावरान तांदूळ. काळभात किंवा जिरवेल हा इथला भाताचा वाण मिळाला तर नशीब. बाजारापेक्षा दोन रुपये जास्त पडले तर घासाघीस नको, सडण्या-पाखडण्यात हात किती झिजतात ते आता तुम्ही बघितलेलं असतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली, २०२०च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे जायचं तर आधी कळवून जा, ते राहतं घर आहे, संग्रहालय नाही.

पोरांना बिस्किटांचे पुडे वाटू नका. पुढच्या पाहुण्याकडे पोरं हात पसरतात आणि प्लास्टिक ओढ्यात जातं. द्यायचंच असेल तर शाळेतल्या गुरुजींना काय हवंय ते विचारा.

आणि फोटो पाठवतो असं म्हणाला असाल तर छापून पाठवा. राजूरला पोस्ट आहे, आणि कुडाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आजीचा फोटो त्या घरात फोनपेक्षा जास्त टिकतो.