सौर प्रकल्पांच्या डिझाइनमध्ये पहिली नोकरी कशी मिळवावी: आधी स्ट्रिंगचे गणित

अक्षय ऊर्जेत करिअर करायचे म्हटले की सल्ल्यांचा पाऊस पडतो. अमुक कोर्स करा, तमुक प्रमाणपत्र घ्या, ओळखी वाढवा. हे सगळे करून मुलाखतीला गेलेला उमेदवार समोर दोन डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेली तांत्रिक माहितीपत्रके, आल्या की गप्प होतो. एक पॅनेलची, एक इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज एसी करणारे यंत्र), आणि प्रश्न एवढाच: एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीत, किती पॅनेल जोडाल? या प्रश्नाचे उत्तर कारणांसह कागदावर मांडता येणे हीच या कामाची खरी प्रवेशपरीक्षा आहे. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधी एक संपूर्ण नमुना प्रकल्प स्वतःच्या हाताने डिझाइन करा. कसा, ते पुढे आहे.

शाखा ठरवा

आयरेना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरात १ कोटी ६२ लाख लोक अक्षय ऊर्जेत काम करत होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सौर फोटोव्होल्टाइकचा, म्हणजे उन्हापासून थेट वीज करणाऱ्या पॅनेलचा, होता. आकडा मोठा आहे, पण ‘अक्षय ऊर्जा’ नावाची नोकरी कुठेच नसते. पवनचक्कीवर चढून देखभाल करायची असेल तर जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा क्षेत्रातल्या संस्थेचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागते, ते दर दोन वर्षांनी ताजे करावे लागते, आणि उंचीची भीती असेल तर तो रस्ता तिथेच संपतो. कार्बनच्या हिशेबात जायचे असेल तर स्कोप १ (कंपनीचे स्वतःचे थेट उत्सर्जन), २ (विकत घेतलेल्या विजेचे) आणि ३ (पुरवठा आणि वापराच्या साखळीतले बाकीचे) यांतला फरक आणि स्कोप ३ चे १५ प्रकार तोंडपाठ हवेत. त्या कामात पर्यावरणप्रेमापेक्षा इंधनाची बिले, वीजबिले आणि खरेदीच्या नोंदी चाळण्याची चिकाटी जास्त लागते. विजेची बऱ्यापैकी समज आणि स्प्रेडशीटवर हात असेल, तर सौर डिझाइन हा सर्वांत सरळ दरवाजा आहे.

नमुना प्रकल्प निवडा

५० किलोवॅटचा छतावरचा प्रकल्प घ्या. घरगुती ३ किलोवॅटचा घेऊ नका, त्यात निर्णयच उरत नाहीत. ५० मेगावॅटचाही नको, तो एकट्याने नीट पेलत नाही. बाजारातल्या खऱ्या पॅनेलची आणि खऱ्या इन्व्हर्टरची डेटाशीट उतरवून घ्या. इथे समजावण्यापुरते पुढचे आकडे धरू.

पॅनेल ५५० वॅटचे. व्हीओसी, म्हणजे खुल्या परिपथातला व्होल्टेज, ४९.६ व्होल्ट. व्हीएमपी, म्हणजे कमाल शक्ती मिळते तेव्हाचा व्होल्टेज, ४१.७ व्होल्ट. आयएमपी, म्हणजे कमाल शक्तीच्या वेळचा प्रवाह, १३.२ अँपिअर. आयएससी, म्हणजे शॉर्ट सर्किटचा प्रवाह, १४ अँपिअर. तापमान गुणांक: व्हीओसीसाठी दर अंशाला उणे ०.२७ टक्के, शक्तीसाठी उणे ०.३५ टक्के. एनओसीटी, म्हणजे हवा २० अंश आणि ऊन ८०० वॅट असताना सेलचे तापमान, ४५ अंश सेल्सिअस. इन्व्हर्टर ५० किलोवॅटचा, कमाल डीसी व्होल्टेज ११००, पूर्ण शक्तीची एमपीपीटी कक्षा ५५० ते ८५० व्होल्ट, एमपीपीटी (पॅनेलमधून कमाल शक्ती काढणारा इन्व्हर्टरमधला भाग) तीन, प्रत्येकावर दोन स्ट्रिंग.

स्ट्रिंगची लांबी: इथे घाई करू नका

बहुतेक नवशिके ११०० ला ४९.६ ने भागतात, २२.१८ येते आणि २२ पॅनेल लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे, आणि चूक साधी नाही. डेटाशीटवरचा ४९.६ हा आकडा सेलचे तापमान २५ अंश असतानाचा आहे. सिलिकॉनचा सेल थंड झाला की व्होल्टेज वाढतो. म्हणून कमाल संख्या काढायची ती त्या जागेच्या सर्वांत थंड पहाटेसाठी.

समजा नीचांकी तापमान ५ अंश आहे. २५ पेक्षा २० अंश कमी, गुणिले ०.२७, म्हणजे ५.४ टक्के वाढ. ४९.६ चे झाले ५२.२८ व्होल्ट. आता ११०० भागिले ५२.२८ म्हणजे २१.०४. खाली पूर्ण करा: २१. मघाचे २२ पॅनेल लावले असते तर त्या पहाटे इन्व्हर्टरच्या तोंडाशी ११५० व्होल्ट उभे राहिले असते. नशीब चांगले असेल तर इन्व्हर्टर दोष दाखवून बंद राहतो. नसेल तर आतले कपॅसिटर किंवा स्विचिंगचे भाग जातात. व्होल्टेजची नोंद इन्व्हर्टरच्या स्मृतीत राहत असल्याने वॉरंटीचा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

“पण पहाटे ऊन कुठे असते?” ही शंका प्रत्येक नवशिक्याला येते आणि तिचे उत्तर पाठ न करता समजून घ्या. पॅनेलचा प्रवाह उजेडाच्या प्रमाणात वाढतो, व्होल्टेज मात्र उजेडाच्या लॉगरिदमनुसार. म्हणून कोवळ्या उन्हातही व्होल्टेज जवळजवळ पूर्ण चढलेला असतो, सेल मात्र अजून तापलेला नसतो. इन्व्हर्टरने प्रवाह ओढायला सुरुवातही केलेली नसते, म्हणजे परिपथ खुला असतो. धोक्याची वेळ नेमकी हीच.

दुसरी चूक तापमानाच्या निवडीत होते. थंड महिन्याचे सरासरी किमान तापमान घेऊ नका. सरासरीचा अर्थच असा की निम्म्या आसपास पहाटा त्याहून गार असतात. अनेक वर्षांच्या नोंदींतले टोकाचे किमान तापमान घ्या आणि ते कुठून घेतले हे तक्त्यात लिहा. तपासणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

तिसरी चूक गुणांकाच्या एककात. काही डेटाशीट टक्क्यांत देतात, काही मिलिव्होल्टमध्ये. आपल्या पॅनेलचा उणे ०.२७ टक्के म्हणजे दर अंशाला सुमारे उणे १३४ मिलिव्होल्ट. दोन्ही रूपांत लिहून ताळा करा. चिन्हाची गफलत झाली, तर थंडीत व्होल्टेज कमी होताना दिसेल. उत्तर २५ अंशाच्या आकड्याहून कमी आले की थांबा आणि चिन्ह तपासा.

आता खालची बाजू. स्ट्रिंग फार आखूड असेल तर कडक उन्हात व्होल्टेज एमपीपीटीच्या कक्षेखाली घसरतो. इथे हवेचे तापमान वापरायचे नाही, सेलचे वापरायचे. सूत्र सोपे आहे: एनओसीटीमधून २० वजा करा, ८०० ने भागा, उन्हाच्या तीव्रतेने गुणा आणि हवेच्या तापमानात मिळवा. हवा ४० अंश आणि ऊन चौरस मीटरला १००० वॅट असेल तर २५ भागिले ८००, गुणिले १००० म्हणजे ३१.२५, अधिक ४०, एकूण ७१.२५ अंश. २५ पेक्षा ४६.२५ अंश जास्त.

व्हीएमपीचा गुणांक बऱ्याच डेटाशीटवर नसतो. तेव्हा शक्तीचा गुणांक वापरा. व्हीओसीचा वापरलात तर घसरण खऱ्यापेक्षा कमी दिसते. ४६.२५ गुणिले ०.३५ म्हणजे १६.१९ टक्के घट, ४१.७ चे उरले ३४.९५ व्होल्ट. ५५० भागिले ३४.९५ म्हणजे १५.७४. इथे वर पूर्ण करायचे: १६. कमाल संख्या खाली, किमान संख्या वर. हा नियम उलटा झालेले तक्ते कामावरच्या माणसांकडूनही येतात.

इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर तीन वेगवेगळे व्होल्टेज शेजारी छापलेले असतात: सुरू होण्याचा, एमपीपीटीची पूर्ण कक्षा आणि पूर्ण शक्तीची कक्षा. यातला तिसरा वापरा. दुसऱ्या कक्षेचा तळ बऱ्याचदा २०० व्होल्टच्या आसपास असतो आणि तो पाहून माणूस फसतो. २०० व्होल्टला इन्व्हर्टर चालतो हे खरे, पण प्रवाहाला मर्यादा असल्याने तिथे तो ५० किलोवॅट देऊ शकत नाही.

म्हणजे कक्षा मिळाली १६ ते २१. दोन्ही टोके टाळा. २१ वर व्होल्टेज १०९८ पर्यंत जातो, शिल्लक दोन व्होल्टची. १६ वर पॅनेल जुने होत गेले की कडक उन्हात तळ सुटतो. १८ घ्या. थंडीत ९४१ व्होल्ट, उन्हात ६२९ व्होल्ट, दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा. सहा स्ट्रिंग म्हणजे १०८ पॅनेल, ५९.४ किलोवॅट, इन्व्हर्टरच्या १.१९ पट. छतासाठी १.१ ते १.३ हे प्रमाण नेहमीचे आहे, पॅनेल वर्षातला फार थोडा वेळ छापील शक्ती देतात.

पॅनेलवरचा कमाल प्रणाली व्होल्टेजही पाहायला विसरू नका. इन्व्हर्टर ११०० चा असला तरी पॅनेल १००० व्होल्टचेच असेल तर तीच मर्यादा लागू होते आणि कमाल संख्या २१ वरून १९ वर येते. केबल आणि कनेक्टर यांनाही हाच न्याय.

प्रवाह, फ्यूज, केबल

एका एमपीपीटीवर दोन स्ट्रिंग: चालू प्रवाह २६.४ अँपिअर, शॉर्ट सर्किटचा २८, त्यावर १.२५ चा सुरक्षा गुणक लावून ३५. इन्व्हर्टरच्या दोन्ही मर्यादांशी वेगवेगळी तुलना करा. पॅनेल दोन्ही बाजूंनी वीज करणारे असेल तर मागच्या बाजूचा प्रवाह त्यात मिळवा.

दोन स्ट्रिंग समांतर असताना फ्यूज सहसा लागत नाही. एक स्ट्रिंग बिघडली तर दुसरीकडून उलटा येणारा प्रवाह एका आयएससीपुरताच असतो आणि पॅनेल तो सोसते. तीन झाल्या की दोघींचा मिळून येतो, तिथे फ्यूज हवा.

केबलच्या व्होल्टेज घटीत जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही अंतर धरा. ४० मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल म्हणजे ८० मीटर तार, रोध ०.३५ ओहम, घट ४.६ व्होल्ट, ७५० व्होल्टवर ०.६ टक्के. ठीक आहे. केबल तापली की रोध वाढतो, तरीही एक टक्क्याच्या आतच राहतो. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खोचू नका, बसले तरी. सांधा तापतो आणि छतावरच्या आगींचे ते एक ठरलेले कारण आहे.

वर्षाची वीज

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने अंदाज काढा. ५९.४ किलोवॅट, पॅनेलच्या पृष्ठभागावर वर्षाला चौरस मीटरमागे १८०० युनिट ऊन, कार्यक्षमता गुणोत्तर (सगळे तोटे वजा जाता उरणारा वाटा) ०.७८: सुमारे ८३,४०० युनिट, म्हणजे दर किलोवॅटमागे १४०० च्या आसपास. मग पीव्हीजीआयएस किंवा सॅम या सौर विजेचा अंदाज देणाऱ्या साधनांत तेच भरा, दोन्ही मोफत आहेत. पाच-सात टक्क्यांचा फरक चालतो. वीस टक्के फरक आला तर कोन, दिशा किंवा सावली चुकीची भरली आहे, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. सॉफ्टवेअरचा आकडा आंधळेपणाने उतरवणारा उमेदवार पहिल्याच उलट प्रश्नाला अडतो.

कागद तयार करा

पाच पाने पुरतात: छताची मांडणी, एकरेषीय आकृती (विजेची सगळी जोडणी एकेका रेषेने दाखवणारा नकाशा), स्ट्रिंगचा तक्ता, साहित्याची यादी, वर्षाच्या विजेचा अंदाज. प्रत्येक गृहीतकाशेजारी त्याचे कारण. मांडणीत पॅनेलपर्यंत पोचायला वाट ठेवा. १०८ पॅनेलना नुसती जागाच २८० चौरस मीटरच्या आसपास लागते आणि वाटा त्यात धरलेल्या नसतात. बायोडाटात सॉफ्टवेअरची नावे ओळीने लिहिण्यापेक्षा ‘५९.४ किलोवॅट छत प्रकल्पाचे डिझाइन, आकडेमोड सोबत’ ही एक ओळ वजनदार ठरते. नमुना प्रकल्प असल्याचे स्पष्ट लिहा, प्रत्यक्ष उभारल्याचा आव आणू नका.

साइटवर जा

पहिली नोकरी उभारणीची मिळाली तरी घ्या. सहा महिने छतावर घालवलेल्या माणसाची डिझाइन वेगळीच दिसतात. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: भार चालू असताना डीसी कनेक्टर कधीही उघडायचा नाही. एसीचा प्रवाह दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची कमान पेटलेलीच राहते. आणि स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर स्ट्रिंगच्या टोकांवर शेकडो व्होल्ट असतातच.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी

हाच तक्ता तीन जागांसाठी पुन्हा करा, कागद-पेनने: नीचांक ५ अंश, उणे १० आणि उणे २०. इन्व्हर्टर तोच, ११०० व्होल्टचा. पॅनेल १५०० व्होल्ट प्रणालीचे धरा. उत्तरे २१, २० आणि १९ यायला हवीत. शेवटचे २० आले असेल तर २० पॅनेलचा व्होल्टेज काढून पाहा: १११२ च्या वर जातो. वर पूर्ण केले आहे, खाली करा.