मेडाबॉट्स खेळायला घेताय? मग आधी डोकं सांभाळा

गेम बॉय ॲडव्हान्सवरचा (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) मेडाबॉट्स हा आरपीजी, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम, मेटाबी आणि रोकुशो अशा दोन व्हर्जनमध्ये इंग्रजीत २००३ ला आलेला, तो नवीन सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कारण बहुतेक जण पहिल्या दोन-तीन तासांत हरतात, वैतागतात आणि सोडून देतात, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण गेम फार सुंदर आहे, फक्त तो स्वतःहून नीट समजावून सांगत नाही.

आधी थोडी ओळख. मूळ जपानी सिरीजचं नाव मेडारॉट, पहिला भाग १९९७ ला साध्या गेम बॉयवर आला आणि हा ॲडव्हान्सवाला म्हणजे त्यातल्या दुसऱ्या भागाचा नव्याने केलेला अवतार. यात पोरं आपापले रोबो, म्हणजे मेडाबॉट, एकमेकांशी लढवतात, हिरो इक्की नावाचा पोरगा. मेटाबी हा रोबो शिंगवाल्या भुंग्यावरून घेतलाय आणि रोकुशो हा रोबो चिमट्यासारखे जबडे असतात त्या भुंग्यावरून, जपानमधली पोरं उन्हाळ्यात हे भुंगे पकडून पाळतात. आपल्याकडे कोकणात माडाला लागतो तो गेंड्या भुंगा बघितला असेल तर मेटाबीच्या डोक्यावरचं शिंग कुठून आलं ते लगेच कळेल.

कुठलं व्हर्जन घ्यायचं? लांबून गोळ्या मारायला आवडत असेल तर मेटाबी, जवळ जाऊन हाणायला आवडत असेल तर रोकुशो. पहिल्यांदाच खेळत असाल तर मी मेटाबी म्हणेन.

आता रोबोची रचना, इथे घाई करू नका. आत एक सांगाडा असतो, त्याला टिनपेट म्हणतात, त्यावर चार पार्ट्स बसतात: डोकं, उजवा हात, डावा हात, पाय. आणि मेंदू म्हणून एक मेडल. टिनपेट मेल आणि फीमेल अशा दोन प्रकारचे असतात आणि पार्ट्सपण तसेच, त्यामुळे मस्त पार्ट मिळाला आणि बसतच नाहीये असं झालं तर गेम बिघडलेला नाही, टिनपेट दुसरा लागतो एवढंच.

मेडल म्हणजे खरा जीव. प्रत्येक मेडलला काही कामं जास्त जमतात, कबुतो मेडलला (मेटाबीचं) नेमबाजी, कुवागाताला (रोकुशोचं) हाणामारी, आणि जे काम त्याच्याकडून करून घ्याल त्यातच ते तयार होत जातं. नवीन माणूस नेमकी चूक इथे करतो, दर लढाईनंतर नवा पार्ट मिळतो (जिंकणाऱ्याला हरणाऱ्याचा एक पार्ट मिळतो हा इथला नियमच आहे) आणि तो लगेच चढवतो, आज बंदूक उद्या तलवार परवा रिपेअर, मग मेडल कशातच धड तयार होत नाही. मी पहिल्या वेळी हेच केलं आणि अर्ध्या गेमवर अडकून पडलो, परत सुरुवातीपासून खेळावं लागलं. एका मेडलला एकच काम द्या आणि त्याच कामातले पार्ट बदलत रहा, बास.

आता रोबॅटल, म्हणजे लढाई. दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त तीन-तीन रोबो. तुम्ही पार्ट निवडला की रोबो आपल्या रेषेवरून मधल्या रेषेकडे धावत सुटतो, तिथे पोचला की हल्ला करतो आणि परत मागे येतो, मागे पोचल्यावरच पुढचा हुकूम देता येतो. ही धावाधाव नुसती शोभेची वाटते पण अख्खा गेम तिथेच आहे. जाताना किती वेळ लागणार आणि येताना किती, हे पार्टवर आणि पायांच्या वेगावर ठरतं. जोरदार पण संथ पार्ट घेतला आणि वाटेतच तो हात फुटला तर हल्ला रद्द, रोबो तसाच रिकाम्या हाताने परत.

दुसरं म्हणजे, जवळून मारणारे पार्ट जो शत्रू मधल्या रेषेच्या सगळ्यात जवळ असेल त्यालाच लागतात. म्हणून रोकुशोवाल्यांनी कोण पुढे आलाय हे बघूनच तलवार काढायची. त्याच्या डाव्या हातातला हातोडा तलवारीपेक्षा जोरात लागतो पण परत येताना रोबो उघडा पडतो, वार चुकवताच येत नाही. समोरचे तिघंही ताजे असताना हातोडा नको, शेवटचा एक उरला की खुशाल वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लीडर, म्हणजे तिघांतला म्होरक्या रोबो. लीडरचं डोकं फुटलं की बाकी दोघे धडधाकट असले तरी लढाई गेली. शत्रूचंही तसंच. मी लीडर म्हणून नेहमी जाड आर्मरचं डोकं असलेला रोबो ठेवतो, मारायचं काम बाकी दोघांचं. तिघांपैकी एक रिपेअरवाला ठेवलात तर लांबलचक लढायांत फार सोपं जातं. डोक्याचे पार्ट मोजकेच वेळा वापरता येतात, मेटाबीचं मिसाईल बघून हात शिवशिवतात पण पहिल्याच मिनिटाला उडवून संपवू नका, शत्रूच्या लीडरचं आर्मर कमी झालं की मग काढा. मेडाफोर्सचंही (मेडलची खास ताकद) तेच, लढाईत हळूहळू भरतो, भरला म्हणून लगेच वापरायची सक्ती नाहीये.

पायांकडे कोणी बघतच नाही राव. चाकं, रणगाड्याचे पट्टे, दोन पाय, खूप पाय, उडणारे, पाण्यातले असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला कुठली जमीन मानवते ते वेगळं. वेग, वार चुकवणं, आणि जवळून किंवा लांबून मारायची अचूकता हे सगळं पायांवरही असतं, म्हणजे नेमबाजाला लांबच्या माऱ्याचे आकडे चांगले असलेले पाय द्यायचे. एका अवघड लढाईत मी सलग चार वेळा हरलो, हात बदलून बघितले, मेडल बदलून बघितलं, काही नाही. मग फक्त पाय त्या जमिनीला चालतील असे लावले आणि माझा नेमबाज समोरच्याच्या आधी मध्यावर पोचायला लागला, पाचव्या वेळी जिंकलो.

एक छोटं काम अजून. रबररोबो गँग, म्हणजे गेममधली व्हिलनची टोळी, तिची माणसं गोष्टीत मधेमधे आडवी येत राहतात, तेव्हा कुठल्याही नव्या जागी शिरायच्या आधी सेव्ह. आणि दुकानातला हिकारू भेटला की त्याच्याशी बोला, पहिल्या मेडारॉटचा हिरो तोच आहे, इथे मोठा होऊन कामाला लागलाय.

कोणाकडे दुसरं व्हर्जन असेल तर दोन गेम बॉय जोडणाऱ्या लिंक केबलने पार्ट्सची अदलाबदल नक्की करा, पण देण्याआधी तो पार्ट तुमच्या कुठल्या मेडलला लागतोय का ते एकदा बघून घ्या.