आरएनए सीक्वेन्सिंगवरनं कॅन्सरमधलं जीन फ्यूजन कसं शोधायचं

शिवाजी विद्यापीठात बायोटेक करणारी पोरं-पोरी हल्ली प्रोजेक्टला हा विषय घेतायत, लय भारी वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दोन जीन्स तुटून एकमेकांना जोडल्या की फ्यूजन. सीएमएल या ब्लड कॅन्सरमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल१ तयार होतं, त्यावर इमॅटिनिबची गोळी २००१ पासून आहे, म्हणजे फ्यूजन सापडलं तर पेशंटचं औषध ठरतंय. डीएनएत तुटायची जागा लांबलचक इन्ट्रॉनमध्ये (जीनमधला नंतर कापून टाकला जाणारा भाग) कुठंही असू शकते, पण आरएनएत इन्ट्रॉन गळून गेलेला असतो, त्यामुळं एक्झॉनला (आरएनएत टिकणारा भाग) एक्झॉन चिकटलेला सरळ दिसतो.

ट्यूमरचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) असेल तर आरएनए तुटलेलाच मिळणार. तिथं आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे त्याचा आकडा) बघून निराश होऊ नका, डीव्ही२०० बघा, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत ते. अशा सॅम्पलला पॉली-ए वालं किट (आरएनएची 'ए'ची शेपटी धरून तो उचलणारं) टाळा, रायबोसोमल आरएनए काढून टाकणारं घ्या. सीक्वेन्सिंग पेअर्ड-एंडच करायचं, म्हणजे प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडनं वाचायचा; अशा एकेका वाचनाला रीड म्हणतात.

अलाइनमेंटला (रीड्स जीनोमवर कुठं बसतात ते शोधायला) स्टार, फ्यूजनला अरीबा किंवा स्टार-फ्यूजन हे प्रोग्रॅम. मानवी जीनोमसाठी स्टारला साधारण ३० जीबीच्या वर रॅम लागते, घरच्या लॅपटॉपवर होत नाही, डिपार्टमेंटचा सर्व्हर मागा नाहीतर गॅलॅक्सी या वेबसाइटवर फुकट चालवा.

आणि पहिल्यांदा पेशंटच्या डेटाला हात लावू नका!! के५६२ ही सीएमएलच्या पेशंटपासून बनवलेली सेल लाइन (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी), तिचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, तो चालवा. यादीत बीसीआर-एबीएल१ वरती आलं पाहिजे, नाही आलं तर आधी सेटिंग तपासा.

खरं काम यादी आल्यावर सुरू होतंय. शेजारशेजारच्या दोन जीन्सचं जोडी-ट्रान्सक्रिप्ट (दोन्हींचा मिळून बनलेला आरएनए) नॉर्मल पेशीतही सापडतं, सारखा सीक्वेन्स असलेल्या जीन्स अलाइनरला फसवतात, हिमोग्लोबिनसारख्या भरमसाट आरएनए असलेल्या जीन्स लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेले तुकडे) बनवतानाच कुणालाही चिकटतात. अरीबाच्या फाइलमध्ये स्प्लिट रीड्स (जोडावरनं जाणाऱ्या), डिसकॉर्डंट मेट्स (जोडीतली एक रीड एका जीनवर, दुसरी दुसऱ्या), रीडिंग फ्रेम (प्रोटीनचं वाचन जोडानंतरही जुळतंय का), कॉन्फिडन्स हे कॉलम एकत्र वाचा. मग आयजीव्ही (रीड्स दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा: रीड्स वेगवेगळ्या जागी सुरू होतायत का, जोडाच्या दोन्ही बाजूंना पुरेसे बेस आहेत का. सगळ्या रीड्स एकाच जागी सुरू आणि एकाच जागी संपत असतील तर ती बहुतेक पीसीआरची (तुकडे वाढवताना बनलेली) कॉपी, दहा दिसल्या तरी पुरावा एकच. कायनेज जीन (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमची) असेल तर कायनेज डोमेन (त्याचा काम करणारा भाग) शाबूत राहिलंय का आणि फ्रेम जुळतीय का हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

एवढ्यातनं जे टिकेल त्याला जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून आरटी-पीसीआर (आरएनएवरनं तेवढाच तुकडा वाढवायचा), मग सँगर सीक्वेन्सिंग. काहीच सापडलं नाही तर 'फ्यूजन नाही' असं लिहून मोकळं होऊ नका, सॅम्पलमध्ये ट्यूमरच्या पेशीच कमी असतील, किंवा लिम्फोमातल्या आयजीएच-एमवायसीसारखी अदलाबदल असेल जिच्यात बऱ्याचदा जोड-ट्रान्सक्रिप्ट बनतच नाही, तिथं फिशच (चमकत्या प्रोबनं क्रोमोसोम बघायची टेस्ट) करावं लागतंय.