कॉम्प्युटरवर बसताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम करून मला अठरा वर्षं झाली, आणि शिकायला येणारी पोरं त्याच त्याच चुका करताना बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कीबोर्ड खालच्या सरकत्या फळीवर आणि माऊस वर टेबलावर. फळीवर माऊसला जागाच नसते, म्हणून सगळे असंच बसतात. मीपण बसलो, सात वर्षं. हात खांद्यातून उचललेला, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं, आणि लग्नसराईत पत्रिकांचं काम बारा बारा तास. मग रात्री तीनला जाग यायला लागली, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, हात झटकला की बरं वाटायचं. थकवा असेल म्हणून बाम चोळत दोन महिने घालवले. एकदा रंकाळ्यावरून घरी येताना गाडीचा ब्रेक बोटांनी धरलाय का नाही तेच कळेना, तेव्हा घाबरून डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? नाही म्हटलं. मग मनगटात नस दबलीय म्हणाले, कार्पल टनेल, करंगळीची नस वेगळी म्हणून ती सुटली. शुगर आणि थायरॉईडपण तपासायला लावलं, कारण त्यानंही हे होतं. सहा आठवडे रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपलो.

नंतर पहिलं काम केलं ते सुताराला बोलावून फळी रुंद करून घेतली. आता दोन्ही एकाच पातळीवर, कोपर अंगालगत. कीबोर्डचे मागचे पाय मी कधीच उभे करत नाही, मनगट वर वळतं. पोरं मात्र तीन दिवसांत मनगटाखाली ठेवायचं जेलचं पॅड विकत आणतात आणि टेबल आहे तसंच ठेवतात, असल्या शॉर्टकटनं काय होत नाही भावांनो.

डोळे चुरचुरतात म्हणून निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ नका. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा, मी समोरच्या दुकानाची पाटी वाचतो.

लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसभर काम, अजिबात नको.

आणि प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं. जुन्या घरात दोन पिनचं सॉकेट असतं म्हणून लोक सर्रास काढतात, मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या, त्यावर ‘एवढंच लागतंय, काय होत नाही’. अहो ती अर्थिंगची पिन आहे! एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतोच, त्याची जमिनीत जायची वाटच तुम्ही बंद केली, आणि उद्या आतली फेजची (करंटची) वायर पत्र्याला लागली तर फ्यूज उडणार नाही, २३० व्होल्ट तसेच पत्र्यावर राहणार. आपल्याकडं पावसाळ्यात फरशीला ओल असते आणि पोरं अनवाणी बसतात. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, तोवर त्या सॉकेटला कॉम्प्युटर लावूच नका.