एटीव्हीची पुढची चाकं ओढत नाहीत? डिफ उघडण्याआधी हे तपासा

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की काटोल-कळमेश्वरच्या संत्रापट्ट्यातून फोन सुरू होतात. बोलणं ठरलेलं. "भाऊ, पुढचे चाकं कामच नाही करून राह्यले. डिफ गेला वाटते."

उन्हाळाभर एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली चार जाड चाकांची गाडी, मागच्या दोन चाकांवर मजेत चालते. काळी माती भिजून चाकाला लोण्यासारखी चिकटायला लागली की मग फोर-व्हीलचं बटण आठवतं. बिघाड मात्र बहुधा एप्रिल-मे मध्येच होऊन बसलेला असतो, आणि डिफपर्यंत (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तो क्वचितच पोचलेला असतो. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्तातून महागाकडे ठेवा. मी एकदा उलटा ठेवला होता, त्याची हकिगत पुढे येईलच.

रचना थोडक्यात अशी. गिअरबॉक्समधून एक प्रॉपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा फिरता दांडा) पुढच्या डिफमध्ये येतो, डिफमधून डावा-उजवा असे दोन अ‍ॅक्सल निघतात आणि प्रत्येक अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना रबरी बुटात झाकलेला सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा) असतो. पुढची ओढ जोडण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. काही गाड्यांत छोटी मोटर फोर्क (ओढ जोडणारा काटा) सरकवते. पोलॅरिस कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत बटण दाबलं की डिफमधली कॉइल चुंबक बनते, आणि मागची चाकं घसरली तरच आतले रोलर अडकून पुढची चाकं ओढू लागतात. त्यामुळे सिमेंटच्या अंगणात बटण दाबून "काहीच होत नाही" म्हणणाऱ्याची गाडी अनेकदा ठणठणीत असते. आपली कोणती, ते आधी पुस्तिकेत बघून घ्या.

१. हवा आणि टायर

हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एटीव्हीच्या टायरला हवा लागते साधारण ५ ते ७ पीएसआय. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. रस्त्यावरचा पंक्चरवाला मोटारसायकलच्या सवयीने पंचवीस-तीस भरून मोकळा होतो. त्याच्या गेजवर पाचचा आकडा धड दिसतही नाही. कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं, ते घेऊन ठेवा.

मग टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि टेपने अंतर मोजा. चारही चाकांचं मोजून भिंतीवर लिहून ठेवा. डावं-उजवं जुळलं पाहिजे. पुढच्या-मागच्या मापांचं नातं कंपनीने ठरवलेलं असतं. रोलरवाल्या गाडीत पुढचे टायर मापापेक्षा मोठे बसवले तर क्लच (म्हणजे तेच रोलर) सतत अडकायला बघतो आणि हँडल जड होतं. लहान बसवले तर मागची चाकं पार घसरल्याशिवाय पुढची पकडतच नाहीत. एकच जोडी नवी टाकून दुसरी झिजलेली ठेवली तरी हाच घोळ.

२. वायर

फ्यूज बघा. नंतर डिफजवळचा कनेक्टर सोडवा आणि पिनांवर हिरवट थर आहे का ते पाहा. असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा आणि जोडताना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. गोडाऊनमध्ये उभ्या गाडीची वायर उंदीर हमखास कुरतडतात, तेव्हा हार्नेस (वायरांचा जुडगा) बोटांनी शेवटपर्यंत चाचपून बघा.

आता मल्टिमीटर. बटण चालू केल्यावर कनेक्टरपाशी बॅटरीइतकाच व्होल्टेज यायला हवा. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय तो येत नाही. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड. पोलॅरिसच्या कॉइलचा रोध २४ ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार आत तुटली आहे, फारच कमी दाखवत असेल तर कॉइल शॉर्ट झाली आहे. मोटरवाल्या गाडीत चावी देऊन बटण दाबा आणि कान लावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाक ओढत नाही, तर फोर्क अडकलाय. आवाजच नाही, तर वायर किंवा मोटर.

३. बूट आणि जॉइंट

इथे घाई नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उघड्यावर उभ्या गाडीचं रबर तडकतं. तडा बाहेरून दिसत नाही, बुटाच्या घड्यांच्या तळाशी असतो. हँडल पूर्ण वळवा म्हणजे घड्या उलगडतील, आणि टॉर्च मारून बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाच समजा.

संत्र्याच्या बागेत झाडं साधारण सहा बाय सहा मीटरवर असतात. ओळ संपली की हँडल पूर्ण वळवून, फोर-व्हीलमध्येच, फवारणीची टाकी मागे ओढत गाडी वळवली जाते. बाहेरच्या सीव्ही जॉइंटसाठी याहून वाईट काम नाही. वळताना टक-टक-टक आवाज आला तर तोच. सरळ रस्त्यावर थ्रॉटल सोडताना-धरताना एकच 'ठक' ऐकू आला तर आतला जॉइंट किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा) बघा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली की तो सुकलाय.

बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल तर फक्त बूट बदलून भागतं. गाडीचं पुढचं अंग घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढा, स्प्लिट पिन काढून अ‍ॅक्सल नट सोडवा, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट मोकळा करून हब बाजूला वळवा आणि अ‍ॅक्सल डिफमधून एका झटक्यात सरळ ओढा. तिरका ओढला तर ऑइल सील जातं. बाहेरचा जॉइंट उतरवून जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि गोळ्यांवर नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर जॉइंटच बदला, नव्या बुटात तो महिनाभरही टिकणार नाही. सगळं गुळगुळीत असेल तर किटमधलं मॉलिब्डेनमवालं ग्रीस अख्खं पाकीट भरा. साधं चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. बसवताना अ‍ॅक्सलची क्लिप नवीन घ्या आणि आत 'कट्' बसल्यावर हाताने ओढून खात्री करा.

४. चाक हवेत असतानाच

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर बहुधा टाय रॉड. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते.

५. डिफचं ऑइल

आता ती हकिगत. कळमेश्वरकडच्या एका बागेत, घरून दीड तासावर, मी पोचल्या पोचल्या ड्रेन बोल्ट उघडला. जुनं ऑइल छान खाली आलं. नंतर भरायचा बोल्ट सोडवायला गेलो तर त्याचं डोकं गोल झालेलं, काही केल्या फिरेना. रिकामा डिफ आणि बंद तोंड. मेकॅनिक येईपर्यंत गाडी तीन दिवस झाडाखाली उभी राहिली आणि फवारणी खोळंबली. एवढं करून दोष निघाला तो कनेक्टरच्या एका गंजक्या पिनेत. तेव्हापासून भरायचा बोल्ट आधी सैल करतो, मगच खालचा.

निघालेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत घ्या. चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. चुंबकवाल्या बोल्टवर मऊ राखाडी लेप असला तर ती नेहमीची झीज. टोकदार तुकडे दिसले तर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफमधली मुख्य गिअरची जोडी, गेली. जोर लावल्यावर कडाकड आवाज येत असेल तर तेही हेच सांगतं, आणि मग गाडी मेकॅनिककडेच न्या.

ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच भरा. दुकानदार "नव्वद नंबर टाका, सगळ्यात चालते" म्हणेल, म्हणजे जाड गिअर ऑइल. रोलरच्या डिफमध्ये जाड ऑइलने क्लच ओढून धरतो. लागतं फार थोडं, बऱ्याच गाड्यांत पाव लिटरच्या आसपास. त्यामुळे चांगलं घ्यायला हात आखडू नका.

पाणी शिरलं असेल तर नुसतं ऑइल बदलून थांबू नका, ब्रीदरची (डिफला श्वास घेऊ देणारी) नळी शोधा. डिफवरून निघून हँडलच्या दिशेने वर जाणारी ती बारीक रबरी नळी. तापलेला डिफ नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते; नळी बंद असेल तर तो सीलच्या फटीतून पाणी ओढून घेतो. ती बंद कशाने होते? चिखलाने, आणि आमच्याकडे कुंभारमाशीने. नळीच्या टोकात मातीचं घर बांधून ती निघून जाते. बारीक तार घाला, उलट बाजूने फुंका आणि टोकाला जाळीचा तुकडा बांधा. गाडी धुताना प्रेशरची धार सीलवर आणि बुटांवर धरू नका, एवढंही सांभाळा.

सगळं जोडून झाल्यावर सिमेंटवर नाही, बागेतल्या ओल्या काळ्या पट्ट्यात मागची चाकं उतरवून बटण दाबा आणि सावकाश थ्रॉटल द्या. मागची अर्धा-एक फेरा घसरून पुढची माती उडवायला लागली की उतरा, डिफच्या दोन्ही सीलखाली बोट फिरवून ओल आहे का बघा, आणि ऑइल बदलल्याची तारीख रंगाने डिफवरच लिहून ठेवा. वहीत लिहिलेली सापडत नाही.