उताऱ्यातून तर्क शिकवताना : प्रकाश प्रदूषणाचे एक उदाहरण

आपल्याकडे उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचा सराव भरपूर होतो. परंतु त्यातले बरेचसे प्रश्न असे असतात, की प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य जसेच्या तसे उतरवले की पूर्ण गुण मिळतात. मुलाला वाक्य सापडते. पण ते खरे मानायला आधार कोणता, लेखक एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर कसा आला आणि मधली एखादी पायरी त्याने गाळली तर नाही ना, हे प्रश्न त्याच्यापुढे येतच नाहीत. ते विचारण्याची सवय घरी आणि वर्गात लावता येते. त्यासाठी जाड पुस्तक लागत नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांना सहा-सात वाक्यांचा एक उतारा आठवडाभर पुरतो.

या कामासाठी मी प्रकाश प्रदूषणाचा विषय निवडतो. त्यात प्राणी, झोप, रस्ते आणि सुरक्षितता असे मुलांच्या ओळखीचे पुष्कळ काही येते, वरवर सोपे दिसणारे निष्कर्ष त्यात तपासल्यावर टिकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे उताऱ्यातले निदान एक विधान मूल त्याच रात्री गच्चीवर जाऊन स्वतः पडताळू शकते. डायनासोरांवरच्या उताऱ्याबाबत ही सोय नसते.

पुढील उतारा वहीत मोठ्या अक्षरांत, दोन ओळींमध्ये जागा सोडून उतरवून घ्यावा.

«गरज नसताना, गरजेपेक्षा जास्त किंवा नको त्या दिशेला पडणाऱ्या कृत्रिम प्रकाशाला प्रकाश प्रदूषण म्हणतात. दिव्यांचा वर गेलेला प्रकाश हवेतील कणांमुळे विखुरतो, त्यामुळे शहरावरचे आकाश उजळते आणि मंद तारे दिसेनासे होतात. कोकणच्या किनाऱ्यावर अंड्यांतून बाहेर आलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उजळ क्षितिजाकडे जातात, म्हणून किनाऱ्यालगत दिवे असतील तर ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. काजव्यांचे नर आणि मादी लुकलुकण्याच्या खुणेने एकमेकांना शोधतात, पण आसपास प्रखर उजेड असेल तर ती खूण नीट दिसत नाही. रात्री डोळ्यांवर तीव्र प्रकाश पडल्यास झोपेशी संबंधित असलेले मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात कमी तयार होते. म्हणून प्रत्येक गावातले सगळे दिवे रात्री दहानंतर बंद केले पाहिजेत.»

शेवटचे वाक्य मुद्दाम सैल ठेवले आहे. ते मुलाला आधी सांगू नये.

जोडशब्दांपासून सुरुवात

पहिल्या वाचनात अर्थ समजून घ्यावा आणि अडलेले शब्द सोडवावेत. त्यापलीकडे काही करू नये. दुसऱ्या वाचनात मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी आणि त्याला फक्त जोडशब्दांभोवती गोल करायला सांगावे: त्यामुळे, म्हणून, पण, तर. मराठी व्याकरणात मुले उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करतात. म्हणून हे परिणामबोधक, कारण हे कारणबोधक, पण हे न्यूनत्वबोधक आणि जर-तर हे संकेतबोधक. परीक्षेनंतर ही नावे विसरली जातात, कारण ती कशासाठी आहेत हे कोणी दाखवलेले नसते. वास्तविक लेखकाचा सगळा तर्क याच लहान शब्दांत असतो. ‘म्हणून’ आला की त्याच्या अलीकडे कारण आणि पलीकडे निष्कर्ष असल्याचा लेखकाचा दावा असतो, आणि तो दावा पटण्यासारखा आहे का हे पाहणे वाचकाचे काम असते.

प्रत्येक गोलापाशी मुलाला थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा, ‘अलीकडचे खरे मानले, तर पलीकडचे खरे मानावेच लागेल का?’ कासवांच्या वाक्यात दोन बाजूंमध्ये एक पायरी गाळलेली आहे, ती मुलाला शोधू द्यावी. पिल्ले उजळ क्षितिजाकडे जातात एवढेच सांगितले आहे. पण दिवे नसलेल्या किनाऱ्यावर उजळ बाजू कोणती? जमिनीकडे वाळूचे उंचवटे आणि झाडी असल्यामुळे ती बाजू काळोखी असते, तर समुद्रावर आकाशाचा अंधूक उजेड पसरलेला असतो. ही पायरी भरल्यावरच ‘म्हणून’च्या दोन्ही बाजू नीट जोडल्या जातात. वेळास किंवा आंजर्ल्याला पिल्ले समुद्रात जाताना पाहिलेले मूल हे पटकन सांगते. इतरांना दोन-तीन मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे त्यांना शांतपणे द्यावीत. उत्तर आपण पुरवले तर सरावाचा हेतूच संपतो.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, यासाठी एक जुनी चौकट आहे. डोंगरावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तेथे धूर दिसतो हा हेतू, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. त्यानंतर उपनय (तसाच धूर या डोंगरावरही आहे) आणि निगमन (म्हणून येथे अग्नी आहे). सातवी-आठवीच्या मुलांना पाचही नावे सांगायला हरकत नाही, परंतु लहानांसाठी ‘काय म्हणतोस, कशावरून म्हणतोस, असे आणखी कुठे पाहिलेस’ एवढे तीन प्रश्न पुरतात.

कावळा आणि फांदी

मुलांच्या, आणि मोठ्यांच्याही, विचारातली सर्वांत चिवट चूक म्हणजे दोन गोष्टी बरोबर दिसल्या की त्यांतल्या एकीला दुसरीचे कारण मानणे. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण मुलांना ठाऊक असते, पण आकडेवारीसमोर ती आठवत नाही. त्यासाठी रात्रीच्या प्रकाशाचीच एक खरी गोष्ट मी दोन दिवसांत विभागून सांगतो.

पहिल्या दिवशी एवढेच सांगावे: १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४७९ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्के मुलांना पुढे निकटदृष्टिता, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा दोष, आढळला. झिरोच्या दिव्यासारख्या मंद प्रकाशात झोपलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते, आणि खोलीतला नेहमीचा दिवा चालू ठेवून झोपलेल्यांत ५५ टक्के. आता मुलाला निष्कर्ष लिहायला सांगावे. बहुतेक मुले लिहितात की दिव्यामुळे डोळे बिघडतात. ते खोडू नये. त्याखाली ‘याचे दुसरे काही कारण असू शकेल का?’ एवढा प्रश्न लिहून वही मिटावी आणि एक रात्र जाऊ द्यावी.

दुसऱ्या दिवशी पुढचा भाग सांगावा. २००० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी स्वतंत्रपणे तीच तपासणी केली, तेव्हा त्यांना असा संबंध आढळला नाही. मात्र ज्या आईवडिलांना स्वतःला निकटदृष्टिता आहे, ते मुलांच्या खोलीत रात्री दिवा अधिक वेळा ठेवतात, असे त्यांना दिसले. आणि हा दोष आईवडिलांकडून मुलांकडे येण्याची शक्यता असते. म्हणजे दिवा आणि चष्मा या दोहोंच्या मागे तिसरीच गोष्ट असू शकत होती. येथे मुलाला तीन वर्तुळे आणि बाण काढायला सांगावे. हे चित्र एकदा स्वतःच्या हाताने काढलेले मूल पुढे वर्तमानपत्रातली ‘अमुक खाल्ल्याने तमुक होते’ अशी बातमी वाचताना तिसरे वर्तुळ शोधू लागते, हा माझा अनुभव आहे.

हे शिकवताना एक धोका मात्र ओळखावा. मूल सगळेच नाकारायला शिकेल, ‘कशालाच पुरावा नसतो’ असे म्हणू लागेल. म्हणून कारण नीट सिद्ध करता येते हेही त्याच आठवड्यात दाखवावे. दक्षिण आफ्रिकेतील शेणकिडे रात्री शेणाची गोळी सरळ रेषेत ढकलत नेतात. ते आकाश पाहून दिशा ठरवतात असा अंदाज होता. संशोधकांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या बसवल्या, तेव्हा त्यांची वाट भरकटली. पण टोपीचे ओझेच त्याला कारणीभूत असेल तर? म्हणून काही किड्यांना पारदर्शक टोप्या घातल्या, आणि ते किडे सरळ गेले. पुढे तारांगणात फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तरीही त्यांना दिशा सापडली. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पारदर्शक टोपी कशासाठी, हे सांगण्याआधी मुलाला विचारावे. या साऱ्या आठवड्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

शेवटच्या वाक्याकडे

आता उताऱ्यातल्या दुसऱ्या ‘म्हणून’कडे यावे. वरची पाचही वाक्ये खरी मानली, तरी ‘प्रत्येक गावातले सगळे दिवे’ बंद करावेत असे त्यांवरून ठरते का? मुले लगेच रुग्णालय, एसटी स्थानक, रात्रपाळी आणि अंधाऱ्या गल्लीतून एकटीने घरी येणारी ताई ही उदाहरणे देतात. सुरक्षिततेचा हा मुद्दा खरा आहे आणि तो घाईने बाजूला सारू नये. येथे दोन विरुद्ध वाटणारे पुरावे समोर ठेवता येतात. इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक प्रशासनांच्या माहितीवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात, रस्त्यावरचे दिवे मंद किंवा काही वेळ बंद केल्याने अपघात अथवा गुन्हे वाढल्याचा पुरावा आढळला नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक गृहसंकुलांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे काही संकुले निवडून तेथे जादा दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे कसे असू शकतील, हा प्रश्न मुलापुढे ठेवावा. ठिकाणे वेगळी, आधीची परिस्थिती वेगळी, एकीकडे प्रकाश कमी केला आणि दुसरीकडे वाढवला, हे मुद्दे त्याच्याकडून आले तर उत्तम.

त्यानंतर त्याला शेवटचे वाक्य नव्याने लिहू द्यावे. दिव्यावर झाकण असावे, प्रकाश खाली पडावा, पिवळसर दिवे वापरावेत (एलईडीच्या खोक्यावर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी आकडा पाहावा; हा आकडा प्रकाशाची रंगछटा सांगतो, तो जितका कमी तितका प्रकाश पिवळसर), कोणी नसताना चौकातले फोकस मंद करावेत, असे पर्याय आपण सुचवू शकतो. कोणता कुठे लागू पडेल ते मुलाने ठरवावे. गुण मताला देऊ नयेत, मतासाठी दिलेल्या कारणांना द्यावेत.

गच्चीवरची पडताळणी

मंद तारे दिसेनासे होतात, हे विधान तपासण्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतली अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडावी. जेवणे झाल्यावर मृग नक्षत्र आकाशात चांगले वर आलेले असते. त्याचे चार कोपऱ्यांतले तारे आणि मधले तीन मिळून सात तारे शहरातूनही सहसा दिसतात. त्या चौकटीच्या आत आणखी किती दिसतात ते मोजायचे आहे. मोजण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज कारणासह लिहावा, मग वीस मिनिटे मोबाइल न पाहता अंधारात डोळे सरावू द्यावेत. तारीख, तिथी, वेळ, ढग, जवळचे दिवे आणि संख्या अशी नोंद करावी. एखाद्या सुट्टीत गावी गेल्यावर त्याच तासाला, चंद्र नसतानाच पुन्हा मोजावे. नागपूरकडच्या कुटुंबांना पेंचचा परिसर जवळ आहे, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक काळोख जपलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. चंद्र असताना एकदा आणि नसताना एकदा मोजले तर तुलना का फसेल, हे मुलाने स्वतःच सांगितले की तिसरे वर्तुळ त्याला कळले असे समजावे.

मंद तारा दाखवताना आधी जवळचा ठळक तारा दाखवण्याची आपली परंपरा आहे. वसिष्ठाजवळची अरुंधती तशीच दाखवतात आणि या पद्धतीवरून ‘अरुंधती न्याय’ हा दृष्टान्त रूढ झाला आहे. उन्हाळ्यात सप्तर्षी वर असताना अरुंधती दिसते का, तेही याच वहीत नोंदवावे.

मोठ्या मुलांना यापुढचा एक प्रश्न देता येतो. २०११ ते २०२२ या काळात सामान्य लोकांनी केलेल्या अशाच नोंदींवरून आकाशाची उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. हा आकडा आपल्या तालुक्याला लावता येईल का, आणि लावायचा असेल तर आधी काय मोजावे लागेल, याचे उत्तर मुलाने वहीच्या पुढच्या पानावर लिहावे.