पाच वाजताचा मजूर: मत्तय २०:१-१६ कसं वाचावं

देवाची दया समजून घ्यायची म्हटली की मी आमच्या प्रार्थनेच्या बायांना आधी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला हाच दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, काढायला सांगते. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून सांजेपर्यंत मजूर लावतो, शेवटी सगळ्यांना सारखीच रोजी देतो, अन् सकाळी आलेले कुरकुरतात, तो. दारव्ह्याकडच्या आमच्या वावरात कापूस आणि तूर. पण सकाळी मजूर लावणं अन् सांजेला रोजी वाटणं कुणाला सांगावं लागत नाही.

आधी मोठ्यानं वाचा. मग पेन्सिलनं बाजूला वेळा लिहा. तेव्हा तास सूर्योदयापासून मोजत: तिसरा म्हणजे सकाळचे ९, सहावा १२, नववा दुपारचे ३, अकरावा सांजेचे ५. पहाटेचं धरून धनी पाच खेपा बाहेर पडतो. ८ व्या वचनात त्याचा कारभारी आहे, तरी मजूर शोधायला स्वतः जातो. इथं जरा थांबा.

आता हिशोब. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची रोजी, त्यावरच चूल. पाच वाजता आलेल्याला फक्त तासाभराचे पैसे दिले असते तर कुणी चुकीचं म्हटलं नसतं, पण घरी लेकरं अर्धपोटी झोपली असती.

हे मला एका निंदणाच्या दिवशी कळलं. पोरगी तापानं फणफणली होती, दवाखान्यातून येईस्तोवर दुपार कलली. तरी वावरात गेले. सांजेला धनीणबाईनं सगळ्यांएवढीच रोजी माझ्या हातावर ठेवली, बोलली काहीच नाही. नोटा पदराला बांधताना गाठ बसेना. बाजूच्या बाया गप्प होत्या. त्यांचा राग मला कळत होता. सकाळपासून त्या वाकून निंदत होत्या.

म्हणून दुसऱ्यांदा वाचताना त्या सकाळच्या मजुराच्या जागी बसा. हे कठीण आहे, घाई करू नका. धनी त्याला हाकलत नाही, 'मित्रा' म्हणतो. ठरलं तेवढं त्याला मिळालंच आहे. सलतंय ते दुसऱ्याला मिळालेलं. मग मागं जाऊन १९:२७ पाहा. आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळेल, असं येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो. दाखला त्याच बोलण्यात येतो. मंडळीतल्या जुन्या माणसांनी तर हे जोडून वाचावंच.

शेवटी वहीत एक नाव लिहा, ज्याचं भलं झालेलं तुम्हाला खुपतं त्याचं. रोज रात्री त्या माणसासाठी प्रार्थना करा. माझ्या वहीत जाऊबाईचं नाव आहे. तीन आठवडे झाले, नाव घेताना अजून अडखळते.